पाणी किती आहे?

आश्विन लागला, घरोघरी घट बसले, रात्री उशिरापर्यंत गरब्याचे ढोल घुमू लागले, की आमच्या थोरल्या बंधूंचा दूरध्वनी येतो. प्रकृतीची विचारपूस नाही, मुलाबाळांची चौकशी नाही. "पाणी किती आहे?" एवढा एकच प्रश्न. नवख्याला वाटावे, की महानगरपालिकेच्या नळाची चौकशी चालली आहे. पण आमच्या घरात 'पाणी' या शब्दाचा शरद ऋतूतला अर्थ गेली पन्नास वर्षे ठरलेला आहे. तो म्हणजे वढवाण्याच्या तलावाचे पाणी.

बडोद्याच्या वाचकांस वढवाणा सांगावयास नको. बाहेरगावच्यांसाठी चार शब्द. शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर, डभोईच्या पुढे, शेतांच्या मधोमध हा तलाव पसरला आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९१० च्या सुमारास, शेतीला पाणी मिळावे म्हणून तो बांधला गेला. ओरसंग नदीवर जोजवा येथे आडबांध घालून कालव्याने पाणी आणावयाचे, मातीच्या लांबलचक पाळीआड साठवावयाचे आणि पावसाळा संपल्यावर गावोगावच्या पाटांना सोडावयाचे, अशी ती साधी, शहाणी योजना. महाराजांच्या अभियंत्यांनी पक्ष्यांचा विचार केला असेल असे आम्हांस वाटत नाही. पक्ष्यांनी मात्र अभियंत्यांचा विचार फार लवकर केला. मध्य आशियातून हिंदुस्थानात उतरणाऱ्या पाणपक्ष्यांच्या हवाई वाटेवर हे नवे पाणी पडले, आणि त्यांनी ते आपल्या नकाशात घालून घेतले. २०२१ साली रामसर कराराच्या यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, वढवाण्याचे नाव आले, तेव्हा आम्हांस आनंद झाला. बंधूंना विशेष वाटले नाही. "बदकांना हे आधीच ठाऊक होते," एवढेच ते म्हणाले.

जाता जाता एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. इंदूरचा होळकरकालीन सिरपूर तलाव आणि तिकडचाच यशवंत सागर हे दोघेही २०२२ साली याच यादीत गेले. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर हेही गोदावरीवरच्या बंधाऱ्यामुळे झालेले पाणी. आमच्या मराठी संस्थानिकांनी आणि जुन्या पाटबंधारेवाल्यांनी माणसांसाठी साठविलेले पाणी आज पक्ष्यांचे राखीव क्षेत्र म्हणून ओळखले जाते, ही गंमत कोणा इतिहाससंशोधकाने सवडीने तपासावी.

तर, 'पाणी किती आहे' हा प्रश्न कवीचा नव्हे, हिशेबनिसाचा आहे. तलाव काठोकाठ भरलेला असला, तर डुबी मारणारी बदके खूष. पण चिखलात चोच खुपसून जगणाऱ्या लांब पायांच्या मंडळींना उभे राहावयास जागा नाही. पाळीला लागून पाणी दोन पुरुष खोल असेल, तर एवढ्याशा कंठेरी चिखल्याने पाय टेकावा कुठे? अशा वर्षी तुतवार, चिखले, टिलवे हे सारे आजूबाजूच्या भातखाचरांत आणि उथळ डबक्यांत पांगतात, आणि तलावाकाठी बसून त्यांची वाट पाहणारा छायाचित्रकार टिटवीचे शिव्याशाप ऐकून घरी परततो. रब्बीसाठी पाट सुटू लागले, की पाण्याची कड हात-हातभर मागे सरकते, ओला चिखल उघडा पडतो, आणि त्या चिखलात जेवणावळ सुरू होते. म्हणून कोणत्या आठवड्यात कोण भेटेल, हे पंचांगापेक्षा पाण्याच्या पातळीवर अधिक ठरते.

आम्ही पहिल्यांदा वढवाण्यास गेलो ते १९७२ च्या दिवाळीच्या सुट्टीत. आम्ही शाळकरी, बंधू नुकते नोकरीत चिकटलेले. प्रतापनगरहून डभोईपर्यंत अरुंद रुळांची आगगाडी, गार्डाच्या डब्यात दोन सायकली, आणि पुढचा रस्ता पायडल मारीत. (डभोई-मियागाम हा आपल्या देशातला पहिला अरुंदमापी लोहमार्ग, खंडेराव महाराजांच्या काळी, १८६२ साली, त्यावर डबे बैल ओढीत असत. आमची गाडी त्या बैलांपेक्षा फार वेगाने चालत होती, असे शपथेवर सांगता येणार नाही.) बंधूंच्या गळ्यात आग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता. तो आमच्या बडोद्यातच तयार होत असे, त्यामुळे त्याच्याविषयी घरच्या मुलाचा असावा तसा अभिमान. एका रिळात चौकोनी बारा चित्रे निघत. त्या दिवशीची बाराच्या बारा चित्रे आजही आमच्यापाशी आहेत. प्रत्येकात वर पांढरे आकाश, खाली करडे पाणी आणि मधोमध सांडलेल्या मिरपुडीसारखे काही ठिपके दिसतात. मागे बंधूंच्या वळणदार अक्षरात पेन्सिलीने लिहिले आहे: 'थापट्या, अंदाजे ४०', 'तलवार बदक, जोडी', 'चक्रवाक'. आमच्या मातोश्रींनी ती चित्रे पाहून, "बाळ, हे धुणाऱ्याने पाणी शिंपडले का?" असे विचारले होते.

त्या दिवसापासून बंधूंनी लाल कापडी बांधणीच्या वहीत नोंदी ठेवण्यास आरंभ केला. तारीख, पाण्याची पातळी, वारा, पक्षी, संख्या. मत नाही, वर्णन नाही, 'अहाहा' नाही. पन्नासाहून अधिक वर्षांत अशा सात वह्या भरल्या. कॅमेऱ्याचा नाद त्यांनी त्या बारा चित्रांनंतर सोडला. त्यांचे म्हणणे, दुर्बीण आणि वही असता चित्राचे प्रयोजन काय? हा वाद आम्हां भावांत कित्येक वर्षे चालला. आम्ही भाच्याकडून जुने पाचशे मिलिमीटरचे भिंग उसने घेतले, ते परत करण्याचे सोयिस्कररीत्या विसरलो, आणि निवृत्तीनंतर रीतसर छायाचित्रकार बनलो.

वाद मिटला तो निराळ्याच कारणाने. दोन वर्षांपूर्वी बंधूंच्या डोळ्यांत काही बिघाड जाणवू लागला. वाचताना अक्षरे वाकडी दिसत. मोतीबिंदू काढून झालेला होता. हा दोष दृष्टिपटलाच्या मध्यभागाचा निघाला. वयानुसार होणारा हा विकार आहे. कडेचे दिसते, मधले दिसत नाही. दाराच्या चौकटीला ते धडकत नाहीत, रस्त्याने एकटे चालतात. पण ज्याकडे रोखून पाहावे तेच नेमके नाहीसे होते. दुर्बिणीचा तर सगळा कारभारच मधल्या दृष्टीवर. गेल्या वर्षी पाळीवर उभे राहून त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली, थोडा वेळ तशीच धरली आणि आमच्या हातात दिली. "तुझ्याकडे ठेव," म्हणाले. मग काही पावले चालल्यावर, "तुझी ती चित्रे दूरचित्रवाणीच्या पडद्यावर मोठी करून दिसतात ना?"

तेव्हापासून आमचे छायाचित्रण हौशीचे राहिले नाही, नोकरीचे झाले. साहेब घरातलेच, आणि कडक.

यंदा पहिली फेरी कोजागिरीनंतर दोन दिवसांनी झाली. भल्या पहाटे निघून उजाडता उजाडता पाळीवर पोचलो. पाणी भरपूर. शरदातली सकाळ छायाचित्रणाला फार चांगली असते. पावसाने हवेतली धूळ धुवून नेलेली असते आणि सूर्य उन्हाळ्यासारखा टाळूवर येत नाही. पण ही मौज नऊ-साडेनऊपर्यंतच. त्यानंतर चिखल आणि पाणी तापू लागते, त्यांवरची हवा थरथरते, आणि लांबचा पक्षी भिंगातून पाण्यात बुडलेल्या नाण्यासारखा हलू लागतो. कॅमेरा कितीही मोलाचा असो, त्या थरथरीवर इलाज नाही. पुष्कळजण भिंगाला दोष देतात आणि नवे घेतात. वास्तविक लवकर उठण्याला पैसे पडत नाहीत.

तिवईऐवजी आम्ही उशीच्या जुन्या अभ्र्यात दीड किलो तांदूळ भरून शिवलेली पिशवी वापरतो. ती वहिनींनी करून दिली. दगडावर पिशवी, पिशवीवर भिंग, आणि मागे आम्ही पालथे. या वयात पालथे पडणे सोपे, उठणे कठीण. पण भिंग जितके पाण्याच्या पातळीजवळ, तितका पक्षी आपल्या डोळ्याला डोळा देतो आणि मागचा काठ धूसर होऊन दूर जातो. उभ्याने वरून काढलेले चित्र म्हणजे पक्ष्याची पाठ आणि पाणी, इतकेच.

पाणी काठोकाठ असल्यामुळे चिखली मंडळी आम्हांस पाळीखालच्या भातखाचरातच भेटली. शेकाट्यांचा एक थवा होता. लाल, काडीसारखे, देहाच्या मानाने अतोनात लांब पाय; गुजराती माणूस त्याला गजपांव म्हणतो. शेकाट्याचे चित्र घेताना नवखा माणूस हटकून पायांवर गदा आणतो. देह बरोबर चौकटीत बसवितो आणि पाय गुडघ्यात तोडतो. शांत पाण्यात पायांचे प्रतिबिंबही तितकेच लांब पडते, तेव्हा चौकट उभी धरावी आणि खाली भरपूर जागा सोडावी. शेजारी चमचा उभा होता, शुभ्र. इथे कॅमेऱ्यातला प्रकाशमापक फसवितो. भोवतीचे गडद पाणी पाहून तो सारे चित्र उजळ करू जातो, आणि चमच्याच्या पिसांचा सगळा तपशील नीळ दिलेल्या धोतरासारखा सपाट पांढरा होऊन बसतो. अशा वेळी प्रकाश एक पायरी कमी करावा. पाणी काळोखे झाले तरी चालेल, पीस राहिले पाहिजे.

तुतवारांच्या बाबतीत आमच्या नोकरीने एक जुना खटला निकालात काढला. बांधावर शेपटी खालीवर करीत फिरणाऱ्या एका तुतवारीस बंधू अनेक वर्षे वहीत 'हिरवी' म्हणून लिहीत आले, आणि आम्ही ती 'ठिपकेवाली' असल्याचे बजावीत आलो. दोघींची ठेवण सारखी. पण ठिपकेवालीची फिकट भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, पाठीवर ठळक ठिपके असतात. हिरवी पाठीने अधिक काळपट, आणि उडाली की पंखाची खालची बाजू जवळजवळ काळी दिसते. त्या दिवशी आमच्या नशिबाने ती जवळ आली. रात्री पडद्यावर बंधूंनी मान तिरपी करून, डोळ्याच्या कडेने, कितीतरी वेळ त्या भुवईचा माग घेतला. मग म्हणाले, "ही ठिपकेवाली. मागच्यांबद्दल मी काही कबूल करीत नाही."

बदकांनी मात्र आमची फजिती केली. भुवई बदके आपल्याकडे सर्वांत आधी येतात, ती होती, थापटे होते, तलवार बदकेही उतरू लागली होती. पण सारी एकजात मातकट. भुवई बदकाला भुवई नाही, तलवारीला तलवार नाही. याचे कारण असे, की विणीचा हंगाम उरकला म्हणजे नर आपली झगमगीत वस्त्रे उतरवून मादीसारखा साधा वेष धारण करतो. त्याच सुमारास पंखांची पिसेही एकदम गळतात, आणि काही आठवडे त्याला उडताच येत नाही. तेव्हा गवतात दडून राहावयाचे, तर भपका नको. नवे पंख येताच तो आपल्याकडे निघतो, पण अंगावरची रंगीत पिसे यावयास थंडी पडावी लागते. म्हणून आश्विनातल्या बदकाचे चित्र पुस्तकातल्या चित्राशी जुळत नाही, आणि नवा छायाचित्रकार हिरमुसतो. खरे पाहता ही साध्या वेषातली बदके ओळखावयास शिकला, तोच शिकला. थापट्याची पळी वेष बदलला तरी लपत नाही.

चिखल्या मंडळींत याहूनही विलक्षण प्रकार आहे. यांच्यातल्या पुष्कळ जातींत आईबाप आधी निघून येतात आणि त्याच उन्हाळ्यात अंड्यातून बाहेर पडलेली पिले काही आठवड्यांनी, मागाहून, कोणी वाट दाखविणारे नसता येतात. पाणटिवळ्यांच्या कुळातल्या एका पाच महिन्यांच्या पिलाने २०२२ सालच्या ऑक्टोबरात अलास्काहून टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटरचा प्रवास अकरा दिवसांत, कोठेही न उतरता केला. पाठीवरच्या यंत्रामुळे तो कळला. आमच्या नातवाला बसने एकट्याने अलकापुरीस पाठवावे की नाही, यावर घरात परिषद भरते.

तलावाच्या मध्यभागी वारकरी होते, शेकड्यांनी. काळे अंग, कपाळावर पांढरा टिळा. म्हणून आपण मराठी माणसांनी त्याला वारकरी म्हटले. गुजराती मंडळी त्याला भगतडुं म्हणतात. दोन भाषांनी एकाच कपाळाकडे पाहून, एकमेकींना न विचारता, एकच नाव ठेवले. बडोद्यासारख्या दुभाषी गावात राहणाऱ्यास याचे अप्रूप वाटते. फाटकापाशी भेटलेल्या एका वृद्ध शेतकऱ्यास आम्ही हे सांगितले. तो म्हणाला, "भगत तो खरो, पण भारे झघडाळु." आणि ते खरेच आहे, वारकऱ्याइतका भांडखोर पाणपक्षी विरळा. त्याचे चित्र काढावयाचे, तर भांडणातच काढावे. एरवी ते काळा गोळा आणि पांढरी चोच एवढेच होते.

कोजागिरीच्या फेरीने बंधू बरेचसे समाधानी झाले. फक्त शेवटी म्हणाले, "कादंब आले, की मला जवळून पाहावयाचे आहेत. ते दोन पट्टे."

पट्टकादंब हा हंसाच्या कुळातला राखी रंगाचा देखणा पक्षी. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूस दोन काळे आडवे पट्टे. मंगोलिया, तिबेट या बाजूच्या पठारांवर त्यांची वीण होते, आणि हिवाळ्यासाठी हिमालय ओलांडून ते खाली येतात. यंत्रे बसवून घेतलेल्या अभ्यासात यांपैकी एक पक्षी सात हजार मीटरांहून अधिक उंचीवरून गेल्याचे नोंदले आहे. दिवसा पाण्यावर किंवा काठाशी विश्रांती, आणि रात्री शेतांत चरणे, असा त्यांचा दिनक्रम. अत्यंत सावध. बंधूंना या पक्ष्याचे वेड पहिल्यापासून. दुर्बीण लावली, की ते पट्टे मोजीत: "एक, दोन. बरोबर." जणू हिमालयात एखादा गळून पडला असावा.

तुळशीचे लग्न आटोपल्यावर आम्ही दुसऱ्यांदा निघालो. वहिनींनी दिवाळीच्या उरलेल्या चकल्या आणि चिवडा बांधून दिला. बंधू बरोबर होते. पाण्यावर धुके होते. पाट सुटले असावेत; कड चांगली मागे गेली होती. बंधूंना पाळीवर दगडावर बसविले, शाल पांघरली, आणि पिशवी मांडून प्रकाश तपासण्यासाठी समोरच्या लांबच्या काठाची दोन-तीन चित्रे घेतली. उजेड कमी, म्हणून झडप मंद ठेवली होती, सेकंदाचा अडीचशेवा भाग. कॅमेऱ्यामागच्या चिमुकल्या पडद्यावर राखी काठ आणि काही मळकट ठिपके दिसले. ते १९७२ सारखेच वाटले.

बंधूंनी मान वर केली. "आले आहेत," ते म्हणाले. आम्हांस काही ऐकू आले नव्हते. थोड्या वेळाने धुके वर उचलले, तेव्हा दिसले: काठापासून पाण्यात, साठेक कादंब. फार लांब. त्या अंतरावरून पट्टे मिळावयाचे नाहीत, असे आम्ही ठरविले. पाळ उतरून, कापलेल्या भाताच्या बांधाआडून थोडे पुढे जाऊ म्हणून निघालो.

पक्ष्याजवळ कसे जावे, यावर आम्ही याच पानावर पूर्वी लांबलचक लिहिले आहे. सरळ चालून जाऊ नये, तिरपे जावे. चार पावले टाकून बसावे. पक्षी खाणे थांबवून मान वर करील तेव्हा आपणही थांबावे, आणि मान खाली गेली नाही तर माघारी फिरावे. कारण लांबून आलेला पक्षी अंगातली चरबी जाळून आलेला असतो. त्याला विनाकारण उडविणे म्हणजे त्याच्या शिधोरीत हात घालणे. हे सारे आम्हांस पाठ होते. बांधाच्या टोकाशी आम्ही पोचलो, तेव्हा कडेच्या दोन कादंबांनी मान उभी केली होती. मग पाचांनी. त्यांचा आवाज बदलला, तोही आम्ही ऐकला. बंधूंना पट्टे दाखवावयाचे आहेत, हे मनाला सांगून आम्ही आणखी तीन पावले टाकली. खरे सांगावयाचे, तर त्या क्षणी आमच्या मनात बंधू नव्हते, चित्र होते.

सगळा थवा एकदम उठला. पाण्याला फटकारे बसले, आवाज डोक्यावरून गेला, आणि आमचे बोट आपोआप कळीवर दाबले गेले. बदके उठली, वारकरी पाणी तुडवीत पळाले, पाळीच्या पलीकडून टिटव्या ओरडल्या. कादंब दोनदा घिरट्या घालून पूर्वेकडे गेले. आम्ही दुपारपर्यंत थांबलो. ते परतले नाहीत.

पाळीवर परतलो, तेव्हा बंधू शालीत तसेच बसून होते. दूरचे दिसत नसले, तरी आभाळातून कडेने काही सरकल्याचे त्यांना कळते. आणि कान तर शाबूत आहेत. "माणूस होता का कोणी तिकडे?" त्यांनी विचारले.

"मी होतो, दादा."

त्यांनी चिवड्याची पुडी आमच्यापुढे सरकविली. घरी येईपर्यंत त्या विषयावर एक शब्दही निघाला नाही. डभोईला चहा घेतला, तेव्हा त्यांनी त्या जुन्या आगगाडीची आठवण काढली, इतकेच.

रात्री पडद्यावर उड्डाणाची चित्रे लावली. एकंदर दृश्य भव्य होते. आम्ही मनातून चपापलो, इतके भव्य. पण पहाटेची मंद झडप बदलावयाची राहून गेली होती. उडत्या पक्ष्यासाठी ती सेकंदाच्या दीडहजाराव्या, दोनहजाराव्या भागापर्यंत नेली पाहिजे. पंख पुसल्यासारखे, आणि डोकी म्हणजे पांढऱ्या रेघा. बंधूंनी खुर्ची पडद्याजवळ ओढली, मान या बाजूने, त्या बाजूने तिरपी करून पाहिली. "पट्टे नाहीत यांना," म्हणाले.

आम्ही चित्रे मागे मागे नेत गेलो. अगदी पहिल्या, प्रकाश तपासण्यासाठी घेतलेल्या चित्रापाशी थांबलो ते केवळ तेथे चित्रे संपली म्हणून. सवयीने ते मोठे केले, आणखी मोठे केले. राखी काठावरचे मळकट ठिपके हे दोन कादंब होते. एक झोपलेला, आणि एक मान वळवून पिसे साफ करीत असलेला, त्याचे डोके आमच्याकडे पाठ करून. धुके होते, कण दिसत होते, कोणा मासिकाने छापावे असे ते चित्र नव्हे. तांदळाच्या पिशवीवर भिंग स्थिर राहिले होते, आणि पक्षी हलला नव्हता. हे पहाटेच आमच्या हातात आले होते, पाळीवरूनच.

बंधू उठून पडद्यापाशी गेले. नजर पडद्याच्या कोपऱ्यावर ठेवून, म्हणजे पक्ष्याकडे न पाहता, त्यांनी बोट काचेवर टेकविले आणि हळूहळू वर नेले. "एक," ते म्हणाले. बोट थोडे सरकले. "दोन."

मग खुर्चीत बसले, आणि वही आणावयास सांगितले. अलीकडे वही आम्हीच लिहितो, ते सांगतात. तारीख लिहिली. पाणी: कड मागे, सुमारे वीस पावले. वारा: नाही, धुके. पट्टकादंब. "संख्या?"

उड्डाणाच्या चित्रावर, पुसट डोकी का होईनात, मोजता येत होती. आम्ही दोनदा मोजली. "त्रेसष्ट."

"त्रेसष्ट. पुढे लिही, 'उडविले.'"

सात वह्यांत हा शब्द पूर्वी कोठे आहे का, ते आम्ही विचारले नाही. 'मी' असा शब्द घालावयाचा का, एवढेच विचारले.

"अक्षर तुझेच आहे," ते म्हणाले. "कळेल."